एक्स्टसी 'सैनिकांची भूक मारण्यासाठी' शोधली गेली होती का? हस्तलिखितातील तीन वाक्यांविषयी शंका

मुद्रितशोधक

नमस्कार. मी आरोग्यविषयक पुस्तकांचे मुद्रितशोधन करतो. सध्या माझ्यापुढे व्यसनांवरील एका संग्रहाचे हस्तलिखित आहे आणि त्यातील एक्स्टसी या नशेच्या गोळीवरील प्रकरणाची सुरुवातच अशी आहे : 'पहिल्या महायुद्धात सैनिकांची भूक मारण्यासाठी जर्मन शास्त्रज्ञांनी १९१४ साली या औषधाचा शोध लावला आणि दुष्परिणाम लक्षात येताच ते बाजारातून मागे घेण्यात आले.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही, तरीही ते मला खटकते. याच घटनेसाठी कोठे १९१२, तर कोठे १९१४ असे साल दिलेले आढळते. शिवाय औषध बाजारातून मागे घेतले म्हणावे, तर ते कोणत्या नावाने विकले जात होते हे मला एकाही ठिकाणी सापडलेले नाही. लेखकांना विचारले तेव्हा 'सगळीकडे असेच लिहिलेले आहे' एवढेच उत्तर मिळाले.

त्याच प्रकरणात पुढे आणखी दोन विधाने आहेत. पहिले, 'या गोळीमुळे मेंदूला अक्षरशः भोके पडतात'; आणि दुसरे, 'गोळी घेतलेल्या व्यक्तीला भरपूर पाणी पाजत राहावे, म्हणजे धोका टळतो.' हे शेवटचे वाक्य सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, आणि चुकीचा सल्ला छापला गेल्यास वाचकाचे नुकसान होईल, म्हणून त्याविषयी विशेष खात्री हवी आहे. येथे औषधशास्त्र जाणणारे काही सदस्य आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परीक्षानळी

मी बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आणि भुकेचे हे वाक्य मीसुद्धा पहिली काही वर्षे वर्गात बिनदिक्कत सांगितले, हे आधीच कबूल करतो. पाठ्यपुस्तकांत ते होते आणि विद्यार्थ्यांना आवडतही असे.

प्रत्यक्षात मर्क या जर्मन कंपनीच्या डार्मस्टाट येथील प्रयोगशाळेत आंटोन क्योलिश नावाचा रसायनतज्ज्ञ १९१२ साली रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधांवर काम करत होता. त्या काळी हायड्रास्टिनिन हे तसे एक औषध प्रचारात होते आणि ते बनवण्याच्या एका पद्धतीचे एकस्व (पेटंट) बायर या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होते. ते एकस्व न मोडता त्याच्या जवळचे दुसरे औषध तयार करण्यासाठी मर्कला वेगळी वाट हवी होती. त्या वाटेवरच्या एका टप्प्यावर जे मधले संयुग हाती आले, तेच आजचे एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीच्या गोळीतील मुख्य द्रव्य. मर्कने २४ डिसेंबर १९१२ रोजी एकस्वासाठी अर्ज केला आणि १९१४ साली ते मंजूर झाले. आपल्याला आढळलेल्या दोन सनांचा उलगडा यातच आहे. अर्ज त्या रासायनिक पद्धतीचा होता, गुंगीच्या किंवा भुकेच्या औषधाचा नव्हता. अर्जात भुकेचा उल्लेख नाही. महायुद्ध तर १९१४ च्या मध्यात सुरू झाले, म्हणजे अर्ज दाखल झाला त्या दिवशी भूक मारण्यासाठी कोणतीही फौज खंदकात बसलेली नव्हती. युद्धाचा या कथेशी एकच संबंध आहे आणि तो दुःखद आहे : क्योलिश स्वतः १९१६ साली रणांगणावर मारला गेला. आपल्या कामातून पुढे काय निघाले, हे त्याला कधीच कळले नाही.

कंपनीच्या नोंदींत या पदार्थाला मेथिलसाफ्रिलामिन असे नाव आहे. १९२७ साली तेथीलच माक्स ओबर्लिन याने ॲड्रिनलिनशी रचनासाम्य पाहून तो पुन्हा तपासला; १९५२ साली माश्यांवर एक किरकोळ प्रयोग झाला; परंतु त्या काळात मर्कने तो माणसांना दिल्याची नोंद नाही. जे कधी विकायला आलेच नाही, ते बाजारातून मागे घेतले कसे जाणार? हे सारे उघड झाले ते २००६ साली, जेव्हा संशोधकांनी मर्कच्या दप्तरखान्यातील मूळ कागद चाळले. तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक लेखक आधीच्या लेखकावरून उतरवून घेत होता.

मग भुकेची गोष्ट आली कोठून? माझा तर्क असा आहे की ती भावंडांच्या गोंधळातून आली. एमडीएमएचा सख्खा भाऊ म्हणावा असा एमडीए नावाचा पदार्थ आहे आणि तो १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत भूक कमी करणारे औषध म्हणून खरोखर विचारात घेतला गेला होता. ॲम्फेटामिन हे उत्तेजक तर त्या कामासाठी सर्रास वापरले जात असे आणि दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांनाही दिले गेले. एकाची भूक, दुसऱ्याचे सैनिक आणि तिसऱ्याचे एकस्व एकत्र करून कोणीतरी हे वाक्य शिवले असावे.

लष्कराचा संबंध हवाच असेल तर तो अमेरिकी आहे. १९५३-५४ मध्ये अमेरिकी लष्कराने मिशिगन विद्यापीठात मेस्कलिन हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य आणि त्याच्या सात रासायनिक सोयऱ्यांची विषारकता उंदीर, घुशी, गिनीपिग, कुत्रे व माकडे यांच्यावर तपासून घेतली. त्या सातांत एमडीएमए होते. अहवाल गुप्त राहिला आणि १९७३ साली प्रसिद्ध झाला. तोही केवळ प्राण्यांवरचा अभ्यास होता.

तळटीप

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्याला पुढच्या कालखंडाची पुरवणी जोडतो, कारण 'शोध' या शब्दावर हस्तलिखितात जो भर आहे, तो मुळात चुकीच्या माणसावर पडला आहे असे मला वाटते.

या पदार्थाचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे नीट टिपून ठेवणारा माणूस म्हणजे अलेक्झांडर शुल्गिन. डाऊ केमिकल या कंपनीसाठी त्याने एक यशस्वी कीटकनाशक तयार केले होते. पुढे नोकरी सोडून तो कॅलिफोर्नियात घराशेजारच्या छोट्या प्रयोगशाळेत काम करू लागला. नवे संयुग अत्यल्प मात्रेपासून स्वतःवरच तपासायचे आणि वहीत नोंद करायची, ही त्याची रीत होती. आजच्या संशोधन-नीतीच्या चौकटीत ती मुळीच बसणार नाही. एमडीएमएकडे तो १९७० च्या दशकाच्या मध्यास वळला आणि १९७८ साली डेव्हिड निकोल्स यांच्यासह त्याने या पदार्थाच्या मानवी परिणामांवर पहिला शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध केला. १९७७ च्या सुमारास त्याने तो लिओ झेफ या निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मानसोपचारकाला दिला. झेफने निवृत्तीचा बेत रद्द केला आणि पुढची अनेक वर्षे इतर उपचारकांना त्याचा वापर शिकवत तो फिरला. त्या मंडळींत या पदार्थाचे नाव होते 'ॲडम'.

'एक्स्टसी' हे नाव १९८० च्या आसपास विक्रेत्यांनी दिले. त्यांच्यापैकी एकाची हकिकत नेहमी सांगितली जाते : खरे तर 'एम्पथी', म्हणजे समानुभूती, हे नाव अधिक नेमके ठरले असते, परंतु किती गिऱ्हाइकांना तो शब्द समजला असता? हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, नाव बाजाराने ठेवले आहे. 'परमानंद देणारी' असा त्याचा अर्थ देऊन हस्तलिखित पुढे जात असेल, तर तो गुण त्या पदार्थाचा नसून जाहिरातीचा आहे, हे एका वाक्यात सांगावे असे सुचवतो.

टेक्सासमधील, विशेषतः डॅलसमधील, मद्यालयांत १९८४-८५ मध्ये ती उघडपणे विकली जात होती, कारण तोवर तिच्यावर बंदीच नव्हती. अमेरिकेच्या अंमली पदार्थ यंत्रणेने १ जुलै १९८५ पासून तातडीच्या अधिकारात तिला सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत घातले. उपचारकांनी हरकत घेतल्यावर सुनावणी झाली आणि १९८६ साली प्रशासकीय न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी तिसरी अनुसूची सुचवली, जेणेकरून वैद्यकीय वापर व संशोधन चालू राहिले असते. यंत्रणेने ती शिफारस मानली नाही. १९८६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोप्रभावी पदार्थविषयक कराराच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. ब्रिटनमध्ये ती रासायनिक गटाच्या व्याख्येतून १९७७ सालीच कायद्याखाली आलेली होती, म्हणजे तेथे अजून कोणी ती फारशी पाहिलेलीही नव्हती. तिची खरी लाट तेथे आली ती १९८८ च्या उन्हाळ्यात, इबिझा बेटावरून परतलेल्या नृत्यसंगीताच्या वेडासोबत.

रात्रपाळी

पाण्याच्या वाक्याविषयी लिहितो, कारण ते वाक्य आहे तसे छापले जाऊ नये असे मला अगदी मनापासून वाटते.

मी अपघात विभागात काम करणारा डॉक्टर आहे. निवासी डॉक्टर असताना एका पहाटे विशीतल्या एका मुलीला तिच्या मैत्रिणींनी आणले. ती स्वतःचे नावही धड सांगू शकत नव्हती. बुबुळे विस्फारलेली होती आणि रात्रभर दात आवळून धरल्यामुळे गालाच्या आतील बाजू चावून सोलपटून निघाली होती. मैत्रिणींनी गोळीविषयी काहीही लपवले नाही, आणि हे त्यांचे मोठेच उपकार झाले. 'आम्ही तिला सारखे पाणी पाजत होतो' हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. एकीच्या हातात तेव्हाही अर्धी बाटली होती. नाचून घाम आला असणार, शरीरातील पाणी कमी झाले असणार, असे धरून मी साधे सलाईन वेगाने लावले. तपासणीचा निकाल हाती आला तेव्हा रक्तातील सोडियम ११८ होते. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे. त्यानंतर काही मिनिटांतच तिला झटका आला. वरिष्ठांनी माझे सलाईन बंद करून तीन टक्के क्षारांचे तीव्र सलाईन मोजून दिले, पाणी पूर्ण बंद केले आणि मुलगी वाचली. चूक माझी होती. तिच्यात पाणी कमी नव्हते, जास्त झाले होते.

याचे कारण असे की एमडीएमएमुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. त्यात वरून पाणी ओतत राहिले की रक्तातील सोडियम पातळ होत जाते, मेंदूला सूज येते आणि माणूस गोंधळतो, ओकतो, आकडी येऊन बेशुद्ध होतो. स्त्रियांमध्ये हा धोका अधिक दिसतो. ब्रिटनमध्ये १९९५ साली अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत गोळी घेतलेल्या एका मुलीचा मृत्यू खूप गाजला होता. 'एकच गोळी पुरेशी असते' असा त्याचा प्रचार झाला, परंतु तिने सुमारे दीड तासात सात लिटरच्या आसपास पाणी प्यायले होते. ते तिने कोणाच्या तरी सल्ल्यावर विसंबूनच प्यायले असणार, म्हणून आपल्या हस्तलिखितातील वाक्य मला अधिकच अस्वस्थ करते.

पाण्याचा सल्ला आला तो दुसऱ्या, तितक्याच खऱ्या धोक्यापोटी. हा पदार्थ मेंदूतील पेशींत साठलेले सेरोटोनिन, आणि त्याबरोबर नॉरॲड्रिनलिन व काही प्रमाणात डोपामिन, ही संदेशवाहक रसायने एकदम बाहेर सोडायला लावतो. शरीर तापते, त्वचेतून उष्णता जाईनाशी होते, थकव्याची जाणीव बोथट होते आणि माणूस कोंदट जागेत तासन्‌तास नाचत राहतो. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडे बंद पडतात आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. हा संसर्गाचा ताप नसल्याने पॅरासिटामॉलने उतरत नाही. शरीर बाहेरून थंड करावे लागते आणि रुग्णाला शांत ठेवणारी औषधे द्यावी लागतात. म्हणजे दोन रुग्ण एकाच गोळीने आलेले असतात, दोघेही गोंधळलेले असतात, आणि उपचार जवळजवळ उलटे असतात. नुसते पाहून मलाही फरक सांगता येत नाही, तेव्हा पुस्तक वाचणाऱ्याने तो ओळखावा ही अपेक्षा चूक आहे. वाक्य बदलून असे करावे : 'व्यक्ती गोंधळलेली, तापलेली, झटके येत असलेली किंवा बेशुद्ध असल्यास तिला पाणी पाजत बसू नये; ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.'

आणखी एक गोष्ट लेखकांच्या नजरेस आणावी. यकृतातील ज्या विकराने (एन्झाइमने) हा पदार्थ मोडला जातो, त्यालाच तो निकामी करून टाकतो. त्यामुळे मात्रा दुप्पट झाली की रक्तातील प्रमाण दुपटीहून अधिक वाढते. काही मानसोपचारातील औषधे आणि एचआयव्हीवरील रिटोनाविर यांच्याबरोबर तो जीवघेणा ठरलेला आहे. तशात, एक्स्टसी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत पीएमए किंवा पीएमएमए हे अधिक विषारी पदार्थ आढळतात. त्यांचा परिणाम उशिरा जाणवतो, म्हणून 'काहीच होत नाही' असे समजून लोक दुसरी गोळी घेतात.

वाचनवेडी

विषयाला धरूनच एक शंका. मराठी बातम्यांत 'एमडी' असा शब्द वारंवार येतो. तो आणि एमडीएमए एकच आहेत ना? हस्तलिखितात दोन्ही शब्द असतील तर वाचक गोंधळेल.

परीक्षानळी

एकच नाहीत, आणि हा प्रश्न विचारलात हे बरे झाले. बातम्यांतील एमडी म्हणजे बहुतेक वेळा मेफेड्रोन असते. ते कॅथिनोन या उत्तेजक द्रव्यांच्या कुळातले आहे. एमडीएमएचे ते लांबचे नातलग म्हणता येईल. मात्र दोघांच्या इतिहासाची एक गाठ आहे. एमडीएमएचा कच्चा माल पूर्वी मोठ्या प्रमाणावर आग्नेय आशियातील एका वृक्षाच्या सुगंधी तेलातून येत असे. २००८ साली कंबोडियात जप्त केलेले असे ३३ टन तेल नष्ट करण्यात आले. त्यासाठी कार्डमम पर्वतरांगांतील जुने वृक्ष मुळासकट उपटले जात होते. त्यानंतरच्या काळात युरोपात चांगल्या गोळ्यांचा दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास मेफेड्रोनचे पेव फुटले. पुढे गोळ्या परतल्या त्या आधीपेक्षा कितीतरी कडक होऊन. जुन्या पिढीचा 'आम्हाला काही झाले नाही' हा अनुभव म्हणूनच आजच्या गोळीला लागू पडत नाही.

मुद्रितशोधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचे वाक्य लेखकांना जसेच्या तसे पाठवले आणि त्यांनी ते स्वीकारले. मेंदूच्या भोकांवर मात्र ते अडून बसले आहेत. त्यांनी एका रंगीत मेंदूचित्राची प्रत पाठवली असून त्यात खरोखरच खड्डे दिसतात. शिवाय 'सायन्स'सारख्या नियतकालिकात माकडांवरील प्रयोगातून हानी सिद्ध झाल्याचे ते सांगतात. हेच औषध आता उपचारासाठी मंजूर झाले आहे, असेही कोणीतरी त्यांना सांगितल्यामुळे ते बुचकळ्यात पडले आहेत.

तळटीप

चित्रातील खड्डे ही रंगवण्याची किमया आहे. ती प्रतिमा रक्तप्रवाहाची असते. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा प्रवाह कमी असलेला भाग संगणक वगळतो, म्हणून तेथे पोकळी दिसते. त्या जागी मेंदू असतोच.

माकडांच्या प्रयोगाची गोष्ट मात्र लेखकांनी अवश्य छापावी, पण पूर्ण छापावी. सप्टेंबर २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने 'सायन्स'मध्ये लिहिले की एका रात्रीत घेतल्या जाणाऱ्या मात्रांएवढ्या एमडीएमएने माकडे व बबून यांच्या डोपामिन-पेशींना गंभीर इजा झाली. कंपवाताचा धोका वर्तवला गेला आणि जगभर मथळे झळकले. पुढे त्याच गटाला तो निष्कर्ष पुन्हा मिळेना. शोध घेता घेता कळले की प्रयोगशाळेत आलेल्या दोन बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि जवळजवळ सर्व प्राण्यांना एमडीएमएऐवजी मेथॲम्फेटामिन हे वेगळेच उत्तेजक टोचले गेले होते. सप्टेंबर २००३ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. मुद्रितशोधकांना एका चिठ्ठीचे महत्त्व मी सांगायला नको.

याचा अर्थ मेंदूला काहीच होत नाही असाही नाही. दीर्घकाळ आणि भरपूर घेणाऱ्यांमध्ये सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनांची संख्या कमी झालेली आढळते आणि शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत ते काहीसे मागे पडतात. सोडल्यावर ही प्रथिने बऱ्याच अंशी पूर्ववत होताना दिसतात. असे लोक बहुधा इतर पदार्थही घेत असल्याने नेमका दोष कोणाचा, हे वेगळे काढणे कठीण असते. 'भोके पडतात' याऐवजी एवढे लिहिले तरी पुरे.

उपचाराविषयी : मंजुरीचे विधान अर्धे खरे आहे. आघातानंतरच्या मानसिक विकारासाठी मानसोपचाराच्या जोडीने, देखरेखीखाली, मोजक्या बैठकींत एमडीएमए देण्याच्या चाचण्या झाल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ९० जणांच्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ६७ टक्के आणि निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ३२ टक्के लोक विकाराच्या निकषांतून बाहेर आले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना या विकारासाठी ते देण्याची मुभा दिली. अमेरिकेत मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. एक आक्षेप अगदी साधा होता : हे औषध मिळाले आहे की नाही हे रुग्णाला लगेच कळते, मग तुलना निःपक्षपाती कशी राहणार? झेफच्या खोलीत ही अडचण कोणाला भेडसावली नव्हती, कारण तेथे तुलना कोणी करतच नव्हते.

मुद्रितशोधक

लेखकांनी पहिले वाक्य आता असे केले आहे : 'रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या शोधात असताना मर्क या जर्मन कंपनीने १९१२ साली एक्स्टसीचा शोध लावला; परंतु तिचा मनावरील परिणाम पुढची अनेक दशके अज्ञात राहिला.' चालेल का? तसेच 'एक्स्टसी' की 'एक्स्टॅसी', हेही सांगावे. प्रकरणात दोन्ही रूपे आहेत.

परीक्षानळी

'शोध लावला' काढून 'एमडीएमए हे संयुग प्रथम तयार केले' असे करावे. १९१२ साली एक्स्टसी नावाची वस्तूच नव्हती. बाकी वाक्य ठीक आहे. उच्चाराला धरून 'एक्स्टसी' ठेवावे, आणि शीर्षकात 'एक्सटसी' असे झाले असेल तर तेथील 'स'चा पायही मोडून घ्यावा.